कापलेलं कुलूप

पोलीस ठाण्यात साहेबांनी संशयावरून बोलावलेल्या चावीवाल्यापुढे कापलेलं कुलूप ठेवलं. “दुकान फोडलंय. तुम्ही जाणकार, सांगा की, कसं कापलं असेल?” चावीवाल्याची जीभ वळवळली. कुलूप दिसलं की त्याची कुंडली मांडायची, ही जन्माची खोड. पण वकील ताईने बजावलं होतं, मी येईपर्यंत अवाक्षर काढू नकोस, गप्प राहणं हा तुझा हक्क आहे. हात मांडीखाली दाबून तो वाकून बघत राहिला. ताई आली, साहेबांशी बोलली, त्याला घेऊन निघाली. पायऱ्यांवर मात्र तिलाच राहवेना. “काय दिसलं रे?” “करवत कडीच्या आतल्या बाजूने फिरलीय. लावलेल्या कुलपात ती तशी शिरतच नाही. आधी किल्लीने उघडलंय, मग कापलंय. किल्ली असते मालकाकडे. पण तिथे बोललो असतो, तर म्हणाले असते, एवढं ठाऊक आहे म्हणजे तूच कापलंस.” ताई जागीच वळली. “चल परत. आता माझ्यादेखत सांग.”