आईची हौस

सकाळी मंदाकिनीबाईंनी मोठ्या हौसेने क्रूझच्या केबिनमधला पडदा सरकवला. मागे नुसती भिंत!

"आई, आतल्या केबिनला खिडकी नसते गं," केदार, त्यांचा मुलगा, म्हणाला. "टीव्ही लाव, जहाजावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसतो. आज तू फक्त आराम कर. आम्ही दोघं जरा वर जाऊन येतो, बाळाकडे तेवढं बघ. जेवण खालीच पाठवतो."

बाईंचं माहेर हर्णैचं. तिथे समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवत नाही. म्हणून त्यांनी घरून नारळ आणला होता, पण काल चढताना सामानाच्या गडबडीत तो द्यायचा राहूनच गेला. "आईची समुद्राची हौस पुरवतोय," असं केदार महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटला होता. बाईंनाही ते खरंच वाटलं होतं.

दिवसभर त्यांनी नातवाला भरवलं, त्याचे डायपर बदलले, त्याला थोपटून निजवलं. मध्ये एकदा सून आली आणि पोहण्याचे ओले कपडे वाळत घालायला देऊन गेली.

संध्याकाळी दोघं हसत खिदळत परतले. बाईंनी हळदकुंकू लावलेला नारळ टीव्हीसमोर ठेवला होता आणि आतल्या लाटांना हात जोडले होते.

केदारला हसू आवरेना. "अगं आई, टीव्ही आहे तो!"

"ठाऊक आहे रे," नातवाला त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या. "पण तू मला दाखवलास तो समुद्र एवढाच."