गोठ्यातली साडी

बायको नीला लेकीला घेऊन कोल्हापूरला माहेरी निघून गेली आणि इकडे कोडोलीत शशिधरच्या म्हशीने पान्हा चोरायला सुरुवात केली. तिला नीलाच्या हाताची सवय होती. शेवटी गावातले म्हशीवाले अशा वेळी करतात तेच त्याने केले. बायकोची मागे राहिलेली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन तो धार काढायला बसला, आणि म्हशीने मुकाट पान्हा सोडला.

सहा वर्षांची सुष्मिता मात्र बधेना. कोर्टाने तिला रविवारपुरते वडिलांकडे पाठवायला सांगितले होते. पण पहिल्या दोन्ही रविवारी ती उपाशीच परतली. "पोरगी तिथं जेवतच नसंल तर मी पाठवायची न्हाय. कोर्टातबी तसंच सांगीन," असा नीलाचा निरोप आला. या रविवारीही ताट तसेच राहिले, तेव्हा शशिधर गोठ्यात गेला. मिशा झाकतील असा पदर ओढून, साडी सावरत तो लेकीसमोर येऊन बसला. त्याने भाकरीचा घास पुढे केला.

सुष्मिताने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"पप्पा, मी काय म्हस हाय व्हय?"

शशिधर घाईने पदर काढू लागला.

"तिकडं आईबी तुमचा सदरा घालून भरवती," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तिला वाईट वाटू ने म्हणून गुमान खायचं."

आणि तिने त्याच्यापुढेही आ केला.