एकाआड एक पायरी

स्वतःचं घर स्वतः उभं करताना भिंती झाल्या, छप्पर झालं, पण जिन्याच्या लाकडी पायऱ्यांना पॉलिश करायचं घोडं काही पुढे सरकेना. त्यावरूनच बायकोशी खटका उडाला, रागाच्या भरात तो नको ते बोलून बसला आणि तिने वरच्या खोलीत जाऊन अबोला धरला. तेव्हापासून तो खाली, फरश्यांच्या खोक्यांशेजारी अंथरूण टाकत होता. रोज कामावरून येताना माफी मागायचं ठरवायचा आणि जिन्यापाशी आला की त्याची दातखीळ बसायची.

आज घरात पाऊल टाकताच पॉलिशचा वास आला. एक पायरी ओली चकचकीत, पुढची कोरडी ठणठणीत, असं थेट वरपर्यंत. डबा आणि ब्रश खालीच पडलेले.

'वैतागून अर्धवट सोडलं बिचारीने!' त्याला वाटलं. बोलणं जमत नाही, निदान एवढं तरी करावं म्हणून डबा उचलून तो कोरड्या पायऱ्यांवर पाय देत वर गेला. दार वाजवायला उचललेला हात तसाच खाली आला. मग उलट्या पावली उतरत त्याने राहिलेली एकेक पायरी जीव ओतून चकचकीत केली.

शेवटची पायरी संपली आणि वरचं दार उघडलं.

 

"अहो, हे काय करून बसलात! तेवढ्या तुम्हाला वर यायला कोरड्या ठेवल्या होत्या."