काकांचा फाळका

"मुलगी कामावरून यायच्या आत फाळका सरळ झाला पाहिजे," काका पुन्हा म्हणाले.

डेंटिंगवाल्याने नुसती मान हलवली. पिकअपचा मागचा फाळका काढून त्याने बाकावर आडवा टाकला. मधोमध चांगला खोलगट पोचा पडला होता.

काका त्याच्या डोक्याशीच उभे. दुकानादुकानांत मातीच्या कुंड्या पोचवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बायको गेल्यापासून तर बोलायलासुद्धा ही गाडीच उरली होती.

"काका, बसा जरा. तुमच्या सावलीत मला पत्रा दिसत नाही."

काका बसले आणि लगेच उठले.

"या वेळी कुठे ठोकलीत? भिंतीला की खांबाला?"

"खांबाला."

त्याने पोच्यावरून तळवा फिरवला. "खांबाचा रंग लागलेला नाही कुठे."

"सकाळी धुतली गाडी," काका म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले.

पत्र्याला लाकडी ठोकळा लावून तो उलट्या बाजूने हलक्या हाताने ठोकू लागला. घाई केली तर पत्रा ताणतो आणि मग काही केल्या जागेवर बसत नाही. काकांना हे ठाऊक होतं, पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला शहाणपण काय कामाचं?

तेवढ्यात फोन वाजला. मुलगीच होती.

"बाबा, कुठे आहात?"

"कुंड्या पोचवतोय."

"सावकाश चालवा हं. पुन्हा कुठे धडकू नका."

फोन ठेवल्यावर काकांना राहवेना. "खोटं बोललो तुझ्याशी. खांब नाही आणि बिंब नाही. कुठे लागली तेच आठवत नाही मला. रात्री गाडी चांगली लावली होती असं वाटतं, आणि सकाळी बघतो तर हे. मागच्या खेपेलाही असंच झालं. मुलगी म्हणाली, आता पुन्हा झालं तर किल्ली काढून घेईन."

"वय झालं की विसरायला होतंच, काका."

"फाळक्याचं काय, तू करशील सरळ. उद्या एखादं पोर चाकाखाली आलं आणि तेही मला आठवलं नाही तर?"

डेंटिंगवाल्याने ठोकळा जरा सरकवला. त्याने पुन्हा ठोकायला घेतलं.

दिवे लागायच्या आत फाळका सरळ झाला, रंगही बसला. काकांनी गाडी दारात नेहमीच्या जागी लावली. मुलगी आली, गाडीच्या मागून गेली, पण काही बोलली नाही. काका सुटले होते.

पण जेवताना त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढून मुलीच्या ताटाशी ठेवली.

"तुझंच खरं, बाळा. माझा आता माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

मुलीचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, तुमच्या काळजीपोटीच म्हणत होते हो मी."

काका उठून आपल्या खोलीत जाऊन पडले. जावयाने त्यांचं दार हलकेच लोटलं आणि तो स्वयंपाकघरात बायकोजवळ आला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता तरी शेजाऱ्यांचा घण परत करून ये."