आई मागे उभी राहते तेव्हा

कॅसिनोत आईला बढती मिळाली आणि तिचं हसूच गेलं! आधी ती रुलेटच्या टेबलावर चक्र फिरवायची. आता चक्र फिरवणाऱ्यांच्या मागे उभी राहून लक्ष ठेवते. "मी आले की सगळे गप्प होतात गं. सोमवारी सांगूनच टाकते, मला नको ही साहेबगिरी."

मग काय, मीच विचारायचं ठरवलं! हल्ली मला कुणाचीच भीती वाटत नाही. रविवारी तिच्या टेबलावरची जुनी जर्मन मैत्रीण गिझेला जेवायला आली, तेव्हा पोळी वाढता वाढता मी थेट विचारलं, "आई बॉस म्हणून कशी आहे?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

गिझेलाने घास खाली ठेवला. "खरं सांगू? ती मागे येऊन उभी राहिली की माझे हात थरथरतात."

"बघ, म्हटलं नव्हतं?" आई मराठीत पुटपुटली. तिचा चेहरा इतका पडला की मला जीभ चावावीशी वाटली. तरी विचारलंच, "मग तिने उभं राहू नये का?"

"नाइन! मुळीच नाही!" गिझेला केवढ्यांदा ओरडली! "आधीचा साहेब काचेच्या खोलीत बसायचा. माझे हात अगदी स्थिर असायचे. पण हरलेली माणसं शिव्या मला घालायची. आता त्या शिव्या तुझ्या आईला घालतात, आणि ती जागची हलत नाही."

"आई! घरी कधी बोलली नाहीस!"

गिझेलाच्या पानात भाजी वाढत आईने तिला विचारलं, "सोमवारी तू कुठल्या टेबलावर आहेस?"