मिस ओडेसांचं कार्ड

शेवटच्या परीक्षेला सूत्रांचं एकच कार्ड न्यायला परवानगी होती, तेही हाताने लिहिलेलं. सोळा वर्षांची मॅकेना शाळा सांभाळून कम्युनिटी कॉलेजात प्रीकॅल्क्युलसचं गणित शिकायला यायची आणि वर्गात तिचा हात कायम वर असायचा. शेजारी बसायच्या मिस ओडेसा. पन्नाशीच्या, एका शाळेत मदतनीस. शिक्षिका व्हायचं तर हा विषय सुटायलाच हवा होता, आणि त्यांची ही तिसरी, म्हणजे कॉलेजच्या नियमाने शेवटची खेप होती.

त्यांचं कार्ड बघून मॅकेनाला हसूच फुटलं. "अख्ख्या कार्डावर चारच सूत्रं, मिस ओडेसा? आणि एवढी ठळक? भिंतीवर लावायचीयत का?"

"डोळे म्हातारे झालेत, पोरी."

"टाका ते. मी देते करून."

तिने मुंगीएवढ्या अक्षरांत, तीन रंगांत, चांगली चाळीस सूत्रं बसवली. मिस ओडेसांनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं.

परीक्षेत मॅकेना अर्ध्या तासात मोकळी झाली. मिस ओडेसा चष्मा वरखाली करत, कार्ड फिरवत सूत्रं शोधत राहिल्या, घंटा होईपर्यंत.

निकालाच्या दिवशी त्या नापासाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या.

"पण सगळी सूत्रं होती हो त्यात," मॅकेना पुटपुटली.

"होती ना. फार सुंदर केलं होतंस कार्ड." त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "फक्त माझी ती चार मला वापरता येत होती."