‘वेंट’चा पाठ
“गोएड नाही, मामा. वेंट,” चांगुणा सातव्यांदा म्हणाली आणि तिनं भाकरी अशी थापली की परातीतलं पीठ उडालं.

सासऱ्यावर रागावता येत नाही. मग सुनेनं करायचं काय? सगळा राग भाकरीवर. कडूबाई सासूबाईंनी दोनदा बजावलं होतं, परात फुटंल, जरा बेतानं.

सासरे काकासाहेब गुरुजी पाटी घेऊन चुलीपुढं बसले होते. श्रीगोंद्याकडच्या या गावात तीस वर्षं त्यांनी पाढे, नकाशे, शुद्धलेखन शिकवलं. स्वतः जुनी सातवी फायनल. इंग्रजीशी उभ्या जन्मात गाठ नाही. आणि यंदा वरून हुकूम, इंग्रजीही तुम्हीच शिकवा. शिकवा म्हणे! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यात सोमवारी तपासणी. नवे विस्तार अधिकारी म्हणजे जमदग्नी. एका शेऱ्यावर त्यांनी शेजारच्या गावच्या मास्तरांना अकोले तालुक्याच्या डोंगरात धाडलं, असं सगळे सांगत. गुरुजींच्या पेन्शनीला दोन वर्षं उरलेली, कडूबाईंचे गुडघे गेलेले. या वयात तिकडं एकट्यानं हात भाजून घ्यायचे, या विचारानं त्यांना घास जात नव्हता.

घरात मॅट्रिक झालेली एकटी चांगुणा. म्हणून आठ दिवस रोज सकाळी ही शिकवणी.

“वॉकचं वॉक्ड. टॉकचं टॉक्ड. मग ‘गो’नंच काय घोडं मारलंय?” गुरुजी वैतागले.

“ते पाठच करायचं, मामा. का म्हणून विचारायचं नाही.”

“पोरं इचारतील की. सायेब इचारतील.”

चांगुणानं भाकरी तव्यावर आदळली. डोक्याचा पार भुगा झाला होता तिच्या. मग एकदम ती वळली.

“आपण जा-चं ‘जाला’ म्हणतो का? ‘गेला’ म्हणतो. का, ते कधी कुणी विचारलंय?”

गुरुजींनी पाटीवर ‘जा-गेला’ लिहून घेतलं. तीस वर्षं मराठी शिकवली, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी साहेब आले आणि मागच्या बाकावर जाड वही उघडून बसले. गुरुजींनी फळ्यावर जा-गेला लिहिलं, शेजारी गो-वेंट. पोरं हसली, मग एका सुरात घोकू लागली. साहेबांनी मात्र मान वर केली नाही. ते लिहीत होते. गुरुजी एक वाक्य बोलले की साहेबांची एक ओळ. ‘कम’चं ‘केम’ झालं, तेही टिपलं. दोन पानं भरली. गुरुजींचा सदरा पाठीला चिकटला. वाक्यागणिक एक चूक, म्हणजे अकोलं ठरलेलंच.

घंटा झाली. साहेबांनी पोरांना मैदानात पिटाळलं, वर्गाचं दार स्वतः लावून घेतलं आणि वही घेऊन ते फळ्यापाशी आले.

गुरुजींनी हात जोडले. “चुकलं असंल तर शेरा मारा, सायेब. पण म्हातारीला टाकून मला डोंगरात नका धाडू.”

साहेबांनी दाराकडं एकदा बघितलं.

“‘केम’च्या पुढचं माझं लिहायचं राहिलं, गुरुजी,” ते हळूच म्हणाले. “जरा सावकाश सांगा. परवा नगरला आम्हा अधिकाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा आहे.”